थंडीत अडणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी : गिअर बॉक्स खोलण्यापूर्वी

हमरापूर म्हटले की गणपतीच्या मूर्ती डोळ्यांसमोर येतात. पण मुंबई-गोवा महामार्गावर खारपाड्याचा पूल ओलांडून जिते, हमरापूर, पेण आणि पुढे वडखळ नाक्यापर्यंत आले की आणखी एक धंदा रस्त्याच्या कडेने उभा दिसतो. पंक्चरवाले, बॅटरीवाले, रेडिएटरवाले, स्पेअर पार्टची दुकाने आणि पत्र्याच्या शेडमधली लहान-मोठी गॅरेजे असा हा पसारा आहे. डिसेंबर-जानेवारीत अलिबाग, मुरूड, दापोलीकडे जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या या धंद्याला हात देतात. आणि अलीकडच्या काही वर्षांत या गाड्यांत बिनक्लचच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांचे प्रमाण वाढत चालले आहे.

नव्या ऑटोमॅटिक गाडीचा मालक कंपनीच्या वर्कशॉपात जातो. आपल्या कारागिरांकडे येते ती जुनी गाडी. झेन, एस्टीम, होंडा सिटी, पुढे कोरोला, सँट्रो, आय-टेन या गाड्यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या मुंबईत वापरून झाल्या की दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या हाती रायगड जिल्ह्यात येतात. मालक बहुधा मध्यम परिस्थितीतला असतो. गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही, म्हणून कोणी ती घेतलेली असते. आखातातून परत आलेल्याला ऑटोमॅटिकचीच सवय झालेली असते. अशी गाडी थंडीच्या सकाळी ‘डी’ मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काही होत नाही, मग धक्का बसून ती पुढे सरकते. मालक घाबरतो. मिस्त्री गाडी पाहतो आणि म्हणतो, ‘गिअर बॉक्स गेला.’

आमचा आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. कारण जुन्या ऑटोमॅटिक गिअर बॉक्सची पुरी दुरुस्ती ही कित्येकदा गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाते. वाक्य चुकीचे ठरले तर मालकाचे पैसे जातात, आणि खोललेला बॉक्स पुन्हा नीट जुळला नाही तर मिस्त्रीचे नाव जाते. आमच्या मते थंडीतल्या तक्रारींपैकी मोठा भाग गिअर बॉक्सच्या पोटात नसतो. तो तेलात असतो, इंजिनात असतो, बॅटरीच्या तारेत असतो, आणि काही वेळा आपणच काढून फेकलेल्या एका लहानशा वस्तूमुळे असतो. तिच्याबद्दल पुढे लिहिलेच आहे.

येथे एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर जी स्वस्त ऑटोमॅटिक आली, जिला एएमटी म्हणतात, ती या लेखात नाही. तिच्यात साधाच गिअर बॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. आपण बोलतो आहोत ते तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल. अशी पूर्ण स्वयंचलित पेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम विकली ती अमेरिकेतील जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत. तेव्हापासून तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ तत्त्व टिकून राहिले.

हे तत्त्व समजले की निम्मे निदान झाले. इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलाने भरलेला डबा असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवले, एक वीजेवर फिरवला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल आहे, एवढाच फरक. त्याच तेलाला एक पंप दाब देतो. तो दाब व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या, चक्रव्यूहासारख्या बारीक नाल्यांच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून फिरतो, आणि ज्या गिअरची पाळी आहे त्या गिअरच्या क्लच प्लेटांमागचा पिस्टन ढकलतो. म्हणजे एकच तेल शक्ती पोचवते, प्लेटा दाबते, वंगण देते आणि उष्णताही वाहून नेते. साध्या गिअर बॉक्समध्ये तेल कमी-जास्त झाले तरी गाडी बरेच दिवस ओढते. येथे तेल म्हणजेच यंत्र आहे.

आता थंडी. पेण-हमरापूरकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १५-१६ अंशांच्या आसपास उतरतो. कॅनडातल्या वाचकाला याचे हसू येईल. तिकडे उणे ३० अंशांत गाडीचे इंजिन रात्रभर विजेवर गरम ठेवावे लागते. पण तेलाचा हिशेब बघा. डेक्सरॉन-३ जातीचे सर्वसाधारण तेल १०० अंशांना सुमारे ७ सेंटिस्टोक इतके पातळ असते, ४० अंशांना ते सुमारे ३५ होते, आणि १५ अंशांना शंभरीच्या घरात जाते. म्हणजे पळून तापलेल्या गाडीतल्या तेलापेक्षा पहाटेचे तेल दहापटीहून जाड. मूर्ती रंगवणाऱ्या कारागिराला हे वेगळे सांगायला नको. रंग घट्ट झाला की स्प्रे-गनच्या बारीक छिद्रातून तो नीट येत नाही. व्हॉल्व्ह बॉडीतल्या नाल्यांचे तसेच आहे. तेल चांगले असेल, रबरी सीले मऊ असतील, तर १५ अंशांत काही बिघडत नाही. तेल जुने आणि सीले कडक असतील तर मात्र आपल्या कोकणातली सौम्य थंडीही दोष उघडा करते. आणि तीच गाडी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेली, वेण्णा तलावाच्या परिसरात जेथे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात तेथे रात्रभर उभी राहिली, की सकाळी मालकाचा फोन ठरलेला.

पहिला सवाल मालकाला

गाडी आली की पाना हाती घेण्याआधी मालकाला विचारावे. गाडी किती तास उभी होती? त्रास पहिल्याच वेळी होतो की पहिली दहा मिनिटे होत राहतो? ‘डी’ मध्ये होतो, ‘आर’ मध्ये होतो, की दोन्हींत? तापल्यावर पूर्णपणे जातो का? या शेवटच्या प्रश्नाला तर सोन्याचे मोल आहे. थंड असताना त्रास आणि तापल्यावर ठीक, ही एक दिशा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर घसरते, ही अगदी उलट दिशा. दुसऱ्या प्रकारात तेल पातळ झाल्यावर दाब टिकत नाही. पंप झिजलेला असतो, प्लेटा झिजलेल्या असतात किंवा तेल जळलेले असते, आणि तेथे बहुधा बॉक्स उघडावाच लागतो. पहिल्या प्रकारात घाई करू नये.

आखातातील गॅरेजात वर्षानुवर्षे काम करून परतलेले मिस्त्री आपल्या कोकणात गावोगाव आहेत. ऑटोमॅटिकचा हात त्यांच्याइतका येथे फार थोड्यांना आहे, आणि या धंद्यात ती त्यांची मोठी पुंजी आहे. पण त्यांचा अनुभव मुख्यतः उन्हाळ्याचा आहे. तिकडे ४५ अंशांच्या पुढे तेल करपते, आणि घसरणारी गाडी आली की बॉक्स उघडणे हेच बरोबर उत्तर असते. तीच सवय येथील डिसेंबरात वापरली की निदान चुकते.

त्रास थंडपणीच होत असेल तर गाडी रात्रभर ठेवून घ्यावी. मुंबईहून चालवत आणलेली तापलेली गाडी दुपारी तपासून काही कळणार नाही. सकाळी स्वतः पहिला स्टार्टर मारावा आणि घड्याळ लावून बघावे. ‘डी’ मध्ये टाकल्यावर सेकंदभरात गिअर पकडला तर जुन्या गाडीत ते चालते. दोन-तीन सेकंद लागले, किंवा इंजिन ओरडते आणि गाडी हलत नाही, तर मात्र शोध घेतलाच पाहिजे.

डिपस्टिक वाचण्यातच आपल्याकडे निम्मी चूक होते. बहुतेक गाड्यांत हे तेल इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट जागी, तेल तापलेले असताना बघायचे असते. पण होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी तापवून, इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघतात. काही जपानी व कोरियन बनावटींत लिव्हर ‘एन’ मध्ये ठेवून बघायचे असते. तापल्यावर तेल फुगते, म्हणून पट्टीवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. थंड गाडीत गरमच्या खुणेपर्यंत तेल भरले की ते जास्त होते. मग फिरत्या दात्यांत घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाने दाब मिळत नाही. उलट, तेल अर्धा लिटर कमी असेल तर थंड सकाळी पंप हवा ओढतो आणि नेमकी हीच उशिराने पकडण्याची तक्रार येते. अशा वेळी इलाज अर्ध्या लिटरचा असतो. अर्थात तेल गेले कोठे हेही शोधायचे. शाफ्टची सीले, कूलरचे पाईप आणि चेंबरचे पॅकिंग ही तीन ठिकाणे आधी बघावीत.

पट्टीवरचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकावेत. लालसर, स्वच्छ डाग पसरला तर उत्तम. तपकिरी असेल तर तेल म्हातारे झाले आहे. काळे आणि जळका वास असेल तर प्लेटा जळल्या आहेत. मात्र सर्वच कंपन्यांची तेले लाल नसतात, हे ध्यानात ठेवावे. आणि तेल गुलाबी दुधासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. जुन्या बऱ्याच गाड्यांत गिअर बॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच फिरवलेली असते. ती आत फुटली की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात. आपल्या भागात दुसरे कारण पुराचे आहे. २६ जुलै २००५ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांनी रायगड जिल्ह्याला, विशेषतः महाडला, काय दाखवले ते सर्वांना ठाऊक आहे. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या जातात. प्लेटांवरचे अस्तर कागदासारखे असते आणि चिकटवलेले असते. पाण्याने ती चिकटण निघते. दुधाळ तेलाची गाडी तेल बदलून परत देणे म्हणजे दोन महिन्यांनी भांडण ओढवून घेणे होय. तेथे मालकाला खरे सांगावे. रेडिएटरवाल्या बांधवांनीही ऑटोमॅटिक गाडीचा रेडिएटर आला की आतल्या कूलरची हवेच्या दाबाने वेगळी तपासणी करून द्यावी.

तेल कोणते?

हा प्रश्न आमच्या दुकानदार वाचकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. ‘ऑटोमॅटिकचे तेल द्या’ म्हटल्यावर जे लाल तेल पॉवर स्टिअरिंगसाठी विकतो तेच काढून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सोडली पाहिजे. त्या काळच्या ह्युंदाईच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-३ जातीचे तेल लागते, टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांना टी-४, आणि होंडाला होंडाचेच. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी गिअर बॉक्सचे, उदाहरणार्थ २००३ नंतरच्या होंडा सिटीच्या सीव्हीटीचे, तेल तर पूर्णपणे वेगळे असते. त्यात साधे लाल तेल घातले की नुकसान नक्की. फरक जाडीचा कमी आणि पकडीचा जास्त असतो. प्लेट किती झटक्याने धरावी आणि किती सरकू द्यावी हे तेलातल्या मसाल्यावर ठरते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या कामासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत असत. देवमाशाला संरक्षण मिळाल्यावर ते बंद झाले, आणि पर्यायी मसाले बसेपर्यंत तिकडच्या गिअर बॉक्सांनी पुष्कळ त्रास दिला. एका मसाल्याने एवढा फरक पडतो!

आणखी एक माहिती दुकानदारांना बहुधा नसते. डेक्सरॉन-३ या नावाने तेल विकण्याचा परवाना देणे जनरल मोटर्सने २००६ च्या अखेरीस बंद केले. त्यामुळे आज डब्यावर ‘डेक्सरॉन-३’ दिसते तो तेल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. चांगल्या कंपनीचा दावा खरा असतो, सुट्ट्या तेलाचा कोण जाणे. सुटे तेल या कामात वापरूच नये, असे आम्ही स्पष्ट सांगू. दुकानात एक पुठ्ठा टांगून त्यावर गाडीचे नाव, वर्ष आणि तेलाची जात लिहून ठेवावी. एवढ्याने आसपासची गिऱ्हाईके आणि मिस्त्री दोघेही तुमच्याकडे वळतील.

तेल बदलताना चेंबरचा नट सोडला म्हणजे सगळे तेल निघाले असे होत नाही. पुष्कळसे कन्व्हर्टरमध्येच राहते. समजा ४० टक्के निघाले. नवे भरून काही किलोमीटर चालवून पुन्हा काढले, आणि असे तीनदा केले, तर सुमारे ७८ टक्के तेल नवे होते. जुन्या गाडीला हाच रस्ता बरा. यंत्राने दाब देऊन सगळे तेल एका दमात ढकलण्याची फॅशन शहरात आहे. पण ज्या बॉक्सचे तेल दहा वर्षांत कोणी बदलले नाही, त्यात तळाशी बसलेला गाळ उठून बारीक नाल्यांत अडकण्याची भीती असते. चेंबर उघडता येत असेल तर फिल्टर आणि लोहचुंबकही बघावे. चुंबकावर राखाडी पिठासारखा थर असणे स्वाभाविक आहे. पितळेचे कण किंवा लोखंडाचे तुकडे दिसले तर विषय वेगळा.

आता त्या लहानशा वस्तूबद्दल. तिचे नाव थर्मोस्टॅट.

‘आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही’ हे वाक्य आमच्या कारागिरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जुन्या फियाट-ॲम्बॅसडरच्या काळात, मे महिन्यात घाट चढताना इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा इलाजच होता, आणि त्या गाड्यांना त्याने फारसे बिघडतही नसे. ऑटोमॅटिक गाडीला बिघडते. कारण तिचा गिअर बॉक्स इंजिनाच्या पाण्याची उष्णता विचारून वागतो. पाणी ठराविक अंशांपर्यंत तापत नाही तोवर पुष्कळ गाड्यांचा संगणक मुद्दाम चौथा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, पडू देत नाही, आणि कन्व्हर्टरचे लॉक लागू देत नाही. इंजिन लवकर तापावे हा त्यामागचा हेतू. म्हणून थंड सकाळी पहिली काही मिनिटे गिअर उशिरा बदलतो, इंजिन जरा ओरडते. तो दोष नव्हे. मालकाला तसे समजावून द्यावे आणि पैसे घेऊ नयेत.

पण थर्मोस्टॅट काढलेला असेल तर काय होते? जानेवारीत, पहाटेच्या गार वाऱ्यात, मोकळ्या रस्त्यावर रेडिएटर पाण्याला तापूच देत नाही. संगणक समजतो, गाडी अजून थंड आहे. चौथा गिअर पडत नाही. चौथ्याचे प्रमाण ०.७ असलेल्या गाडीत जेथे इंजिनाचे २४०० फेरे हवेत तेथे सुमारे ३४०० फेरे होतात. पेट्रोल जाते, आवाज वाढतो, आणि मालक येऊन सांगतो, ‘चौथा गिअर पडत नाही.’ दुपारी ऊन तापले, पनवेलच्या गर्दीत गाडी अडकली, की गिअर पडतो. मिस्त्री म्हणतो, सोलेनॉइड अडकतो आहे. सोलेनॉइड बदलला जातो, मग व्हॉल्व्ह बॉडी उघडली जाते. आणि दोष असतो तो मागच्या मे महिन्यात कोणीतरी कचऱ्यात टाकलेल्या थर्मोस्टॅटमध्ये, जो या सगळ्या दुरुस्तीच्या मानाने अगदी किरकोळ भावाला मिळतो! म्हणून थंडीत ओव्हरड्राइव्हची तक्रार आली की आधी इंजिनाचा काटा बघावा. गाडी अर्धा तास चालूनही काटा तळाशीच असेल तर थर्मोस्टॅट आहे का ते तपासावे. तो असेल, तर पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर आणि त्याचा प्लग बघावा.

धक्का बसण्याच्या तक्रारीतही इंजिनच पुष्कळदा दोषी असते. थंड इंजिन मुद्दाम जलद फेऱ्यांवर चालते. त्याच वेळी लिव्हर ‘डी’ मध्ये टाकले की ठोका बसणारच. फेरे उतरेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबले आणि ब्रेकवर पाय ठेवून गिअर टाकला तर बहुतेक वेळा ठोका जातो. जात नसेल तर इंजिनाखालची रबरी माउंटिंगे बघावीत. ती तुटली की इंजिन उडी मारते आणि नाव गिअर बॉक्सचे होते. थंडीत रबर आणखी कडक, म्हणून तक्रारही थंडीत. जुन्या बनावटींत थ्रॉटलपासून गिअर बॉक्सपर्यंत एक केबल जाते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ती गंजून जड होते, आणि गिअर उशिरा, जोराने बदलतात. केबल साफ करून तिचे माप नीट लावण्याचे काम तासाभराचे आहे.

विजेबद्दल थोडक्यात. थंडीत अशक्त बॅटरी आणखी अशक्त होते. व्होल्टेज पडले की गिअर बॉक्सचा संगणक गोंधळतो आणि गाडीला एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो, म्हणजे कशीबशी घरी पोचावी. बंद करून पुन्हा चालू केले की गाडी ठीक होते. अशा गाडीत बॅटरी, तिच्या क्लॅम्पांवरची पांढरी बुरशी आणि गिअर बॉक्सला जोडलेली अर्थची पट्टी आधी साफ करावी. ‘पी’ मध्ये स्टार्टर लागत नाही पण ‘एन’ मध्ये लागतो, अशी तक्रार असेल तर लिव्हरची जागा सांगणारा स्विच किंवा त्याची केबल सरकली आहे. आणखी एक. २०१० पूर्वीच्या अनेक गाड्या बाजारातल्या स्वस्त स्कॅनरशी बोलतच नाहीत. स्कॅनर काही दाखवत नाही म्हणून दोष नाही, असे समजू नये. काही गाड्यांत गिअरची बत्ती लुकलुकून दोषाचा आकडा सांगते. ती मोजायला शिकावे.

बॉक्स खरोखर केव्हा उघडावा?

वरील सर्व पाहिल्यावर, तेल बरोबर जातीचे आणि बरोबर मापाचे असताना, तापलेली गाडी उत्तम चालत असूनही दर थंड सकाळी एकाच गिअरमध्ये उशीर होत असेल, तर बहुधा त्या गिअरच्या पिस्टनची सीले कडक झाली आहेत. थंड असताना ती काठाला बसत नाहीत, दाब बाजूने निसटतो. तापल्यावर फुगून बसतात. ‘आर’ मध्येच उशीर आणि ‘डी’ ठीक, असे दिसले की ही शंका बळावते. प्रेशर गेज लावून थंड आणि गरम असे दोन्ही दाब मोजावेत. गेज नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी पाठवावी. त्यात कमीपणा नाही. बाटलीतून मिळणारी सीले मऊ करणारी औषधे काही महिने काढून देतात, पण ती दुरुस्ती नव्हे, आणि तसे मालकाला सांगूनच ती घालावीत.

गाडी आठ-दहा दिवस उभी राहिल्यावर पहिल्याच वेळी ‘डी’ आणि ‘आर’ दोन्ही उशिरा पकडत असतील आणि नंतर दिवसभर त्रास नसेल, तर कन्व्हर्टरमधले तेल हळूहळू चेंबरमध्ये उतरले आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. मालक आखातात आणि गाडी घरी झाकून, अशी स्थिती आपल्याकडे नेहमीची. अशा गाडीला मिनिटभर चालू ठेवून मग गिअर टाकावा. काही जुन्या बनावटींत ‘पी’ मध्ये कन्व्हर्टर भरत नाही, ‘एन’ मध्ये भरतो. तेथे हँडब्रेक ओढून ‘एन’ मध्ये थांबावे. त्यासाठी बॉक्स उघडून मोठा खर्च करणे आम्हाला पटत नाही.

आता मजुरीचा नाजूक विषय. गिऱ्हाईक पार्ट बदलण्याचे पैसे देते, शोधून काढण्याचे देत नाही. म्हणून मिस्त्रीलाही काहीतरी बदलल्याशिवाय बिल करता येत नाही, आणि गिअर बॉक्स उघडण्याचा मोह येथूनच सुरू होतो. यावर एकच उपाय दिसतो. गाडी ठेवून घेतानाच तपासणीची मजुरी ठरवावी, कागदावर लिहावी, आणि सकाळी काय केले, किती सेकंद लागले, तेल कसे निघाले हे चार ओळींत लिहून द्यावे. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुरेल. पण ज्याचा गिअर बॉक्स न उघडता वाचला तो पुढच्या वर्षी अलिबागला जाताना तुमच्याकडेच थांबेल, आणि त्याच्या इमारतीतल्या चार जणांना पत्ता देईल. मालकाच्या हातात असलेल्या गोष्टीही त्याच कागदावर लिहाव्यात : थंड गाडी ‘एन’ मध्ये रेस करून एकदम ‘डी’ मध्ये टाकू नये, जागेवर अर्धा तास तापवत ठेवण्यापेक्षा मिनिटभराने निघून पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावी, कारण गिअर बॉक्स चालवल्यानेच नीट तापतो.

राहिली रस्त्यात बंद पडलेली गाडी. महामार्गावर आपल्या कारागिरांना हे काम वारंवार येते. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. त्या खटपटीत वेळ घालवू नये. आणि दोरी बांधून गॅरेजपर्यंत ओढत आणणे तर फारच महागात पडते. गिअर बॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरली की आत तेल पोचत नाही, आणि ज्या बॉक्सला काहीच झाले नव्हते तो हमरापूर ते पेण एवढ्या अंतरातही जखमी होऊ शकतो. सपाट ट्रॉली मागवावी. ती मिळत नसेल तर इंजिन ज्या चाकांना ओढते ती चाके जमिनीवरून उचललेली असली पाहिजेत. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची असतात. मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी असेल आणि पुढून उचलावी लागत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्ट मागच्या टोकाला सोडून दोरीने नीट बांधून घ्यावा. शाफ्ट आणि जोडाची पट्टी यांच्यावर खडूने खूण करून ठेवावी, म्हणजे परत बसवताना तो त्याच जागी बसेल आणि थरथर येणार नाही.